एका संख्येची साक्ष

एखादी गोष्ट आपणांस ठाऊक आहे, असें मनुष्यानें केव्हां म्हणावें, हा प्रश्न आमच्या तत्त्वचिंतनांत फार जुना आहे. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं. चार्वाकांनीं त्यांपैकीं प्रत्यक्ष तेवढें ठेवून बाकीचीं टाकून दिलीं. आणि या प्रमाणांत श्रेष्ठ कोणतें, एकाचा दुसऱ्यास आधार किती, याविषयींचा वाद शतकानुशतकें चालला. या वादांत येणारीं उदाहरणें बहुधा तींच तीं असतात. पर्वतावरचा धूर, अंधारांतली दोरी आणि शिंपेंत भासणारें रुपें यांच्यापलीकडे फारसें कोणी जात नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही एक निराळें उदाहरण घेणार आहों. तें एका एकवीस अंकी संख्येचें आहे. संख्येचें उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, तिच्याविषयीं कोणाच्या मनांत राग नसतो, लोभ नसतो, पंथाभिमानहि नसतो. धर्म, राजकारण किंवा वाङ्मय यांतील सत्यासत्याचा विचार करूं लागलें कीं हे विकार मध्यें येतात आणि प्रमाणांचें मूळ स्वरूप झांकून टाकतात. संख्येच्या बाबतींत तें उघडें दिसतें.

ती संख्या अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. दोनाचा सदुसष्टावा घात करून त्यांतून एक वजा केला म्हणजे ही संख्या येते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें दुप्पट करीत जाण्याची गोष्ट वाचकांनीं ऐकिली असेलच. त्या चौसष्ट घरांच्या पटाला आणखी तीन घरें जोडलीं, तर एकंदर जितके दाणे होतील त्यांची ही गणती होय. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत; एकावर सतरा शून्यें म्हणजे परार्ध. आमची संख्या अशा १,४७५ परार्धांहूनहि मोठी आहे. पण मोठेपणा हें तिचें वैशिष्ट्य नव्हे. मोठी संख्या कोणीहि मूल पाटीवर लिहूं शकेल. या संख्येविषयीं विचारलेला प्रश्न आणि त्याचें उत्तर मनुष्यास कसकसें कळत गेलें, हेंच तिचें वैशिष्ट्य होय.

प्रश्न साधा होता. ही संख्या मूळ आहे कीं संयुक्त? एक आणि ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें जिला निःशेष भाग जात नाहीं ती मूळ संख्या. जिचे याहून निराळे अवयव पडतात ती संयुक्त. सात ही मूळ, पंधरा ही संयुक्त. या विशिष्ट कुळांतल्या संख्यांविषयीं हा प्रश्न उद्भवण्यास कारण युक्लिड होय. आपल्याहून लहान अशा सर्व भाजकांची बेरीज केली असतां जी तीच संख्या येते, तिला गणितज्ञ परिपूर्ण संख्या म्हणतात. सहाचे भाजक एक, दोन, तीन; त्यांची बेरीज सहा. अठ्ठाविसाचे एक, दोन, चार, सात, चौदा. त्यांची बेरीज अठ्ठावीस. दोनाच्या एखाद्या घातांतून एक वजा केल्यावर जर मूळ संख्या उरली, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करतां येते, असें युक्लिडनें सिद्ध करून ठेविलें. तेव्हांपासून अशा मूळ संख्यांचा शोध सुरू झाला. घातांकच संयुक्त असेल तर संख्याहि संयुक्त निघते, हें पुढें कळलें. पण घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ असतेच असें नाहीं. दोनाच्या अकराव्या घातांतून एक वजा करावा, तर २,०४७ येतात, आणि २३ ला ८९ नीं गुणिलें असतां तेच २,०४७ मिळतात.

सदुसष्ट ही मूळ संख्या आहे. मग तिच्या घातापासून निघालेली ही एकवीस अंकी संख्या कशी आहे? या प्रश्नाचीं उत्तरें तीन काळीं तीन माणसांनीं दिलीं, आणि तीं क्रमानें शब्द, अनुमान व प्रत्यक्ष या तीन प्रमाणांचीं जणुं आदर्श उदाहरणें आहेत.

पहिलें उत्तर शब्दाचें. मारें मर्सेन हा पॅरिस येथील एक ख्रिस्ती मठवासी होता. युरोपांतील अनेक विद्वानांशीं त्याचा पत्रव्यवहार असे आणि एकाचा शोध दुसऱ्यास कळविण्याचें काम तो करी. १६४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, २५७ पर्यंतच्या घातांकांत २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे अकराच घातांक मूळ संख्या देतात, बाकीचे देत नाहींत. या यादींत सदुसष्ट आहे. अर्थात् मर्सेनच्या मतें आमची संख्या मूळ ठरली. त्यानें याचें कारण सांगितलें नाहीं, आणि इतक्या मोठ्या संख्या एकेका भाजकानें तपासून पाहणें त्या काळीं कोणासच शक्य नव्हतें. तरीहि ही यादी दोनशें बत्तीस वर्षें उभी राहिली, आणि या संख्यांना आजहि मर्सेनच्याच नांवानें ओळखितात.

यावरून मर्सेनला किंवा त्याच्यावर विश्वास ठेवणारांना हंसणें सोपें आहे. पण तें न्याय्य होणार नाहीं. शब्दप्रमाणाशिवाय मनुष्याचें पाऊलहि पुढें पडत नाहीं. आपली जन्मतिथि आपणांस आईबापांच्या शब्दावरून कळते. न पाहिलेल्या देशांचें अस्तित्व आपण प्रवाशांच्या शब्दावर मानितों. नैयायिकांनीं शब्दास प्रमाण मानतांना एकच अट घातली होती. ती अशी कीं, बोलणारा आप्त असावा, म्हणजे त्याला ती गोष्ट यथार्थ ठाऊक असावी आणि जशी ठाऊक आहे तशीच ती सांगण्याची त्याची इच्छा असावी. मर्सेनच्या इच्छेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. उणीव पहिल्या अंगाची होती, आणि ती ओळखण्याचें साधनच त्यानें मागें ठेविलें नव्हतें. ज्या वाक्यामागें वाट नाहीं, तें खरें असलें तरी ऐकणाराच्या दृष्टीनें आंधळेंच असतें. पुढें तपास पुरा झाला तेव्हां ६७ आणि २५७ हे दोन घातांक यादींत चुकून आले होते, आणि ६१, ८९ व १०७ हे तीन चुकून गळले होते, असें ठरलें. हा तपास पुरा व्हावयास १९४७ साल उजाडलें. एका परिच्छेदांतलें विधान पारखावयास तीनशें वर्षें लागलीं.

दुसरें उत्तर अनुमानाचें. एद्वार ल्यूकास या फ्रेंच गणितज्ञानें १८७६ सालीं दाखवून दिलें कीं, आमची संख्या मूळ नाहीं. तिचा एकहि अवयव मात्र त्याला सांगतां आला नाहीं. ही गोष्ट प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटते. भांडें फुटलें आहे हें ठाऊक आहे, पण तडा कोठें आहे तें ठाऊक नाहीं, असा हा प्रकार. पण त्यांत जादू नाहीं. मूळ संख्यांच्या अंगीं कांहीं गुण नियमानें असतात. फर्मा यानें सतराव्या शतकांत त्यांपैकीं एक शोधिला होता: कोणतीहि संख्या घेऊन तिचा मूळ संख्येइतका घात करावा, त्यांतून ती घेतलेली संख्या वजा करावी, म्हणजे उरलेल्या संख्येस त्या मूळ संख्येनें निःशेष भाग जातो. दोनाचा सातवा घात १२८, त्यांतून दोन गेले, राहिले १२६. सातानें भागिलें असतां बरोबर अठरा येतात. ज्या संख्येच्या ठायीं हा गुण नाहीं ती मूळ नव्हेच. पण उलट बाजूनें हा गुण दिसला म्हणजे ती मूळ असेलच असें नाहीं. आमच्या संख्येची गंमत अशी कीं, दोन ही संख्या घेऊन ही कसोटी लाविली तर ती खुशाल उतरते. तिच्या कुळांतल्या सर्वच संख्या, मूळ असोत वा नसोत, या कसोटीस उतरतात. खानदानी पोशाख सर्वांच्याच अंगावर आहे. त्यावरून शील कळत नाहीं.

ल्यूकासनें या कुळाकरितां अधिक कडक कसोटी शोधून काढिली. लेहमर या अमेरिकन गणितज्ञानें पुढें १९३० सालीं तिला जें सुटसुटीत रूप दिलें तें असें. चार हा अंक घ्यावा. त्याचा वर्ग करून दोन वजा करावे. येईल त्यास तपासावयाच्या संख्येनें भागून बाकी तेवढी ठेवावी. त्या बाकीचा पुन्हां वर्ग करून दोन वजा करावे. आणि घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां हेंच करीत जावें. शेवटीं बाकी शून्य राहिली तर संख्या मूळ, नाहीं तर संयुक्त. दोनाच्या पांचव्या घातांतून एक वजा केला म्हणजे ३१. येथें तीन वेळां क्रिया करावयाची. चाराचे चौदा, चौदाचे १९४, त्यास ३१ नें भागून बाकी ८, आठाचे ६२, त्यास भागून बाकी शून्य. ३१ ही मूळ ठरली. आमच्या संख्येसाठीं ही क्रिया पासष्ट वेळां करावी लागते आणि शेवटीं बाकी शून्य राहत नाहीं. या सबंध कृतींत तिला एकदांहि कोणत्याहि लहान भाजकानें भागून पाहिलेलें नसतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. नैयायिकाच्या भाषेंत हें व्यतिरेकी अनुमान होय: जेथें मूळत्व आहे तेथें बाकी शून्य, येथें बाकी शून्य नाहीं, म्हणून येथें मूळत्व नाहीं.

येथें एक शंका उभी राहते, आणि ती केवळ शाब्दिक नाहीं. अवयव आहेत हें ज्याला ठाऊक आहे, पण कोणते तें ठाऊक नाहीं, त्याला नक्की काय ठाऊक आहे? विसाव्या शतकांत ब्राउवर या डच गणितज्ञानें असा पक्ष मांडिला कीं, एखादी वस्तु आहे असें म्हणणारानें ती वस्तु बांधून दाखवावी, निदान ती सांपडेल अशी निश्चित वाट तरी दाखवावी; एरवीं तें बोलणें पोकळ होय. आमच्या संख्येच्या बाबतींत ब्राउवरचीहि हरकत असण्याचें कारण नाहीं. कारण संख्या कितीहि मोठी असली तरी सांत आहे. दोन, तीन, चार असे भाजक क्रमानें लावीत गेलें तर केव्हांतरी अवयव सांपडलाच पाहिजे. पण ‘केव्हांतरी’ या एका शब्दांत मनुष्याचें सारें आयुष्य, किंबहुना अनेक पिढ्यांचीं आयुष्यें बुडून जातात. तर्काला वेळ लागत नाहीं, मनुष्याला लागतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें ल्यूकासचें ज्ञान पूर्ण होतें. पण पर्वतावर अग्नि आहे हें अनुमानानें निश्चित झालें, तरी थंडीनें कांकडणाऱ्याचें समाधान त्यानें होत नाहीं; त्याला अग्नीपाशीं जाऊन बसावयाचें असतें.

तिसरें उत्तर प्रत्यक्षाचें. फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक होते. १९०३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन गणितपरिषदेच्या सभेंत मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयीं त्यांचा निबंध होता. ते फळ्यापाशीं गेले, दोनाचा सदुसष्टावा घात हातानें करून त्यांतून एक वजा केला, आणि फळ्याच्या मोकळ्या भागावर १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्या मांडून त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरें एकच आलीं. एक शब्दहि न बोलतां ते आपल्या जागीं जाऊन बसले आणि सभेनें टाळ्या वाजविल्या. हे अवयव शोधावयास किती वेळ लागला, असें पुढें विचारल्यावर, तीन वर्षांचे रविवार, असें उत्तर त्यांनीं दिलें.

ही हकीकत ई. टी. बेल यांनीं बऱ्याच वर्षांनंतर लिहून ठेविली, आणि बेल हे गोष्ट रंगवून सांगणारे लेखक म्हणून प्रसिद्ध आहेत. सभा खरोखरच तशी निःशब्द झाली असेल कीं नसेल, हें आम्ही बेल यांच्या शब्दावरच मानितों. पण त्या फळ्यावर जो गुणाकार झाला म्हणतात, त्याच्यासाठीं आम्हांस बेल यांचीहि गरज नाहीं आणि कोल यांचीहि नाहीं. वाचकानें कागद घ्यावा आणि अर्ध्या तासांत तो करून पाहावा. तितकाहि वेळ नसेल तर मराठी शाळेंतल्या मुलाप्रमाणें नवाचा ताळा पाहावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तिचा ताळा १. दुसऱ्याची ६४, तिचाहि १. एके एक एक. गुणाकाराच्या अंकांची बेरीज १०९, तिचाहि ताळा १. ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबर असेलच असें नाहीं. पण न जुळता तर तो चुकला असें खास ठरलें असतें. एकाच प्रसंगांतल्या दोन गोष्टींपैकीं एक कायमची साक्षीदाराच्या भरंवशावर राहिली आणि दुसरी साक्षीदाराच्या जिभेपासून कायमची सुटली, हा भेद आमच्या विवेचनाचा गाभा आहे.

या तीन वर्षांच्या रविवारांत काय श्रम झाले असतील याची थोडी कल्पना देणें अवश्य आहे. आमच्या संख्येचा कोणताहि मूळ अवयव १३४ च्या पटींत एक मिळविल्यानें येतो, आणि त्यास आठानें भागिलें असतां बाकी एक किंवा सात राहते, एवढें सिद्धांतावरून आधींच निघतें. या दोन अटींत बसणाऱ्या संख्या लहान अवयवापर्यंत मोजल्या तर त्या ७,२२,७९० भरतात. एकेक भागाकारास पांच मिनिटें धरून, दर रविवारीं आठ तास बसलें, तर तेथवर पोंचावयास १४० वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे नुसत्या चिकाटीनें हें काम होण्यासारखें नव्हतें. वर्गशेषांच्या सिद्धांताचा उपयोग करून कोल यांनीं निरुपयोगी भाजकांचे थवेच्या थवे आधींच बाजूस काढिले आणि मग उरलेल्यांवर हात घातला. श्रम आणि बुद्धि यांचा जेथें असा संयोग होतो तेथें श्रमाला हमाली म्हणतां येत नाहीं.

आतां पूर्वपक्ष पुढें येतो, आणि आमच्या वर्गांतले विद्यार्थी तो दरवर्षीं न चुकतां मांडतात. ते म्हणतात: ल्यूकासनें ही संख्या संयुक्त ठरविल्यावर तिचे अवयव काय आहेत याला महत्त्व काय? ते कळून कोणाचें पोट भरलें? शिवाय ज्या उत्तरासाठीं एका विद्वान् मनुष्यानें तीन वर्षांचे रविवार वेंचिले, तें उत्तर आज टेबलावरचें यंत्र पापणी लवण्याच्या आंत देतें. मग ते रविवार फुकट गेले असेंच नव्हे काय?

उपयोगाचा मुद्दा आधीं घेऊं. अवयव पाडणें फार कठीण, पण पाडलेले अवयव पडताळून पाहणें फार सोपें, ही विषमता जुन्या गणितज्ञांना अडचण वाटत असे. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनीं याच विषमतेचें कुलूप केलें. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जगाला सांगावा, अवयव मात्र स्वतःजवळ ठेवावे. गुणाकार ज्याला ठाऊक आहे त्यानें निरोप बंद करावा आणि अवयव ज्याला ठाऊक आहेत त्यानेंच तो उघडावा. त्याच साली त्यांनीं १२९ अंकांची एक संख्या आव्हान म्हणून प्रसिद्ध केली आणि तिचे अवयव पाडावयास कोट्यवधि वर्षें लागतील असा अंदाज सांगितला. १९९४ सालीं सुमारें सहाशें लोकांनीं आपापलीं यंत्रें जोडून ते पाडले. तेव्हांपासून संख्या अधिक मोठ्या घेतल्या जाऊं लागल्या. २५० अंकांची एक २०२० सालीं फुटली. पेढ्यांचे व्यवहार आणि खाजगी पत्रव्यवहार आज ज्या कुलपांवर चालतो, त्यांपैकीं पुष्कळ कुलपें अशींच आहेत. मात्र कोल यांच्या श्रमांचें समर्थन या उपयोगावर उभारणें आम्हांस मान्य नाहीं. त्यांना यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें, आणि पुढें निघालेल्या नफ्यावरून मागच्या कृत्याचें मोल ठरविणें हा दुकानदारीचा हिशेब झाला. शिवाय ज्या ज्ञानावर हा व्यवहार चालतो तें अवयवांचें ज्ञान नसून अवयवांचें अज्ञान आहे. जगाचें खाजगीपण आज आपल्या सामाईक अज्ञानाकडे तारण ठेविलेलें आहे.

मग त्या रविवारांचें मोल कशांत आहे? आमच्या मतें त्याचीं दोन उत्तरें आहेत. पहिलें करणाराच्या बाजूचें. उत्तर ही वस्तु एकाकडून दुसऱ्याकडे देतां येते, पण तें मिळवितांना मनाला जी शिस्त लागते ती देतां येत नाहीं. देवळालीच्या शाळेंत शिक्षक असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनीं फावल्या वेळांत संख्यांशीं खेळतां खेळतां ६१७४ या अंकाचा जो नियम शोधिला, तो आज कोणीहि यंत्रावर क्षणांत तपासूं शकेल: चारहि अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करीत जावें, म्हणजे सातांच्या आंत ६१७४ वर येऊन स्थिर होतें. तपासणें सोपें आहे. पण अमुक ठिकाणीं तपासण्याजोगें कांहीं आहे, हें ज्याला दिसलें तो डोळा वर्षानुवर्षांच्या सहवासानें घडलेला होता.

दुसरें उत्तर आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें, आणि तें नीतीचें आहे. कोल यांनीं सभेपुढें जें ठेविलें त्यांत त्यांनीं स्वतःवर विश्वास ठेवण्याची एका अक्षरानेंहि मागणी केली नाहीं. तीन वर्षांचे श्रम त्यांचे. पण ते श्रम आहेत म्हणून माझें खरें माना, असें ते म्हणाले नाहींत. श्रमाचा सारा भार त्यांनीं स्वतःकडे ठेविला आणि दुसऱ्यास अर्ध्या तासाचा पडताळा तेवढा दिला. ज्ञान देण्याची याहून निःस्वार्थी रीति आम्हांस ठाऊक नाहीं. याच्या उलट रीति आपण रोज पाहतों. माझी तपश्चर्या मोठी, माझी पदवी मोठी, माझें वय मोठें, म्हणून माझें वाक्य खरें, असें सांगणारे लोक पडताळ्याचा भार ऐकणारावर टाकतात आणि श्रमाचें श्रेय स्वतः घेतात. मर्सेनच्या यादीला लागलेला दोष हाच होता, जरी त्याच्या मनांत दंभ नव्हता.

येथें आजच्या काळाचा खरा प्रश्न उभा राहतो. १९०३ सालीं शब्दाकडून निघून अनुमानावाटे प्रत्यक्षापर्यंत आलेली ही वाट आतां फिरून शब्दाकडे वळत आहे काय? २०२४ च्या ऑक्टोबरांत मर्सेनच्याच कुळांतली एक नवी मूळ संख्या जाहीर झाली. तिचा घातांक १३,६२,७९,८४१ असून ती ४,१०,२४,३२० अंकांची आहे. दर सेकंदास एक अंक याप्रमाणें रात्रंदिवस नुसती वाचावयाची म्हटली तरी ४७४ दिवस लागतील. ती मूळ आहे हें जाणणारा एकहि मनुष्य, कोल यांनीं आपले अवयव जाणिले त्या अर्थानें, पृथ्वीवर नाहीं आणि असणें शक्यहि नाहीं. यंत्र म्हणालें आणि आपण मानिलें. हें मर्सेनच्या मठांत परत जाणें नव्हे काय?

आम्ही म्हणतों, नव्हे. पण एका अटीवर. ही संख्या प्रथम सांपडल्यावर ती लगेच सत्य म्हणून पुकारिली गेली नाहीं. निरनिराळ्या रचनेच्या यंत्रांवर, निरनिराळ्या लोकांनीं लिहिलेल्या आज्ञावलींनीं ल्यूकासचीच कसोटी पुन्हां लाविली गेली आणि सर्वांचें उत्तर एक आलें तेव्हांच ती जाहीर झाली. ती कसोटी कोणती आणि ती कां बरोबर आहे हें पुस्तकांत सिद्धतेसह छापलेलें आहे. कोणासहि तें वाचतां येतें, आणि ज्याच्यापाशीं साधन आहे त्याला तीच पासष्टाची क्रिया तेरा कोटींहून अधिक वेळां पुन्हां करवितां येते. यंत्र येथें आप्त झालें तें आपल्या वेगामुळें नव्हे, तर त्याच्या मागची वाट मोकळी आहे म्हणून. २००२ सालीं कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनीं कोणतीहि संख्या मूळ आहे कीं नाहीं हें वाजवी वेळांत नक्की ठरविणारी रीति शोधिली, तेव्हां ती जगानें मानिली ती त्यांच्या अधिकारावरून नव्हे. थोड्या पानांतली सिद्धता ज्यानें त्यानें वाचून पाहिली म्हणून. ती रीतिहि, ल्यूकासच्या कसोटीप्रमाणेंच, अवयव सांगत नाहीं. आहे-नाहीं एवढेंच सांगते.

पण हीच अट जेथें पाळिली जात नाहीं तेथें आम्ही सावध राहिलें पाहिजे. आतां अशीं यंत्रें निघालीं आहेत कीं, कोणताहि प्रश्न विचारावा आणि सफाईदार भाषेंत उत्तर घ्यावें. उत्तर कोठून आलें याची वाट मात्र पुष्कळदां दिसत नाहीं. आमचे विद्यार्थी त्यांचा आश्रय घेतात, आणि त्यांना त्याबद्दल रागें भरण्यांत अर्थ नाहीं. मर्सेनच्या समकालीनांनींहि मर्सेनचा आश्रय घेतलाच होता. त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, उत्तर कोणाकडूनहि घ्या, पण ताळा पाहिल्यावांचून घेऊं नका. आणि ज्याचा ताळा पाहतां येत नाहीं त्याला उत्तर न म्हणतां सूचना म्हणा. शिक्षणाचें काम पूर्वीं उत्तर मिळविण्यास शिकविणें हें होतें. यापुढें तें उत्तर पारखण्यास शिकविणें हें राहील. पारखणें हें मिळविण्यापेक्षां सोपें असतें, हें आमच्या संख्येनें दाखविलेंच आहे. पण सोपें म्हणून तें आपोआप होतें असें मात्र नाहीं. कोल यांचा गुणाकार अर्ध्या तासाचा आहे हें हजारों लोकांनीं वाचिलें असेल. तो करून पाहणारे त्यांत किती निघतील, हा प्रश्न ज्याचा त्यानें स्वतःस विचारावा.

शेवटीं त्या संख्येविषयीं एक शब्द. मर्सेननें तिला मूळ म्हटलें तेव्हां ती संयुक्त होती. ल्यूकासला अवयव सांपडले नाहींत तेव्हांहि ते होतेच. आणि कोल यांनीं ते मांडले त्यामुळें ते कांहीं नव्यानें उत्पन्न झाले नाहींत. पट आणि दाणे यांची गोष्ट रचली जाण्याच्या आधींहि १९,३७,०७,७२१ ला त्या दुसऱ्या संख्येनें गुणिलें असतें तर हेंच उत्तर आलें असतें. मनुष्याच्या अज्ञानानें तिचें कांहीं बिघडलें नाहीं, त्याच्या ज्ञानानें तिला कांहीं मिळालें नाहीं. जें बदललें तें मनुष्याकडेच बदललें. दोनशें बत्तीस वर्षें त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागलें, सत्तावीस वर्षें तो तर्काच्या आधारानें उभा राहिला, आणि मग ज्याच्या हातीं खडू आहे त्या कोणालाहि स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. सत्य आपल्यावांचून अडत नाहीं. आपण मात्र त्याच्यावांचून अडतों, आणि त्याच्यापर्यंत गेलेल्या मनुष्याचें कर्तव्य एवढेंच कीं, मागून येणारासाठीं वाट बुजूं देऊं नये.